मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा : वऱ्हाड असे झाले वेगळे

पैनगंगेच्या अलीकडे वऱ्हाड, पलीकडे मराठवाडा. कागदोपत्री दोन्हीकडे मालक एकच, हैदराबादचा निजाम. पण १८५३ पासून कारभाराच्या वाटा वेगळ्या झाल्या.

निजामाकडे ठेवलेल्या इंग्रजी फौजेचा खर्च थकला. त्यापोटी कंपनी सरकारने तह करून वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दोआब ताब्यात घेतले. १८६० च्या तहात धाराशिव, रायचूर परत गेले. वऱ्हाड अडकले ते अडकलेच. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये ठरवून ते कायमच्या पट्ट्याने घेतले. १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडले. १९०५ मध्ये सहा जिल्ह्यांचे चार झाले. एलिचपूर, वाशीम मोडले. वाशीमला पुन्हा जिल्हा व्हायला १९९८ उजाडले.

वऱ्हाडात मुंबई इलाख्यासारखी रयतवारी आली, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याच्या नावावर. नागपूर-वर्ध्याकडे मधे मालगुजार होता. पैनगंगेपलीकडच्या जुन्या कागदांत उर्दू अन् फसली सन भेटते. म्हणून पणजोबाच्या जमिनीची नोंद शोधायची, तर आपले गाव तेव्हा कोणाच्या कारभारात होते, ते आधी बघावे लागते.