गहाणाच्या कागदाची दुसरी प्रत

एकोणिसाव्या शतकातील दख्खनच्या खेड्यांत कर्जाचा कागद हा धनकोचा, म्हणजे कर्ज देणाऱ्याचा, असे गृहीतच धरले जाई. ऋणकोने, म्हणजे कर्ज घेणाऱ्याने, त्यावर निशाणी करायची आणि रिकाम्या हाताने घरी परतायचे. खत लिहिले जाई मोडीत, बहुधा कुलकर्ण्याच्या किंवा एखाद्या कारकुनाच्या हातून, आणि निरक्षर कुणबी सहीच्या जागी नांगराची आकृती काढी. गुजर आणि मारवाडी सावकारांच्या चोपड्या तर त्यांच्या स्वतःच्या लिपीत असत, त्यामुळे वही समोर उघडून ठेवली तरी कुळाला तीत मुद्दल किती आणि व्याज किती हे उमगत नसे. जमीन नजरगहाण (कब्जा कुळाकडेच राहतो ते गहाण) ठेवलेली असो, कब्जेगहाण असो की दागिना तारण दिलेला असो, व्यवहार काय झाला याचा पुरावा एकाच घरात राही.

ही एकतर्फी मालकी 1859 च्या मुदतीच्या कायद्याने अधिकच जाचक झाली. साध्या रोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावला नाही तर कर्ज बुडेल अशी तरतूद झाल्यामुळे, मुदत भरत आली की सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत करून घेऊ लागले. कुळाच्या रक्षणासाठी आणलेली मुदत अशी चक्रवाढीचे साधन बनली. नव्या खताबरोबर जुने खत परत मिळेल याची शाश्वती नव्हती आणि भरलेल्या हप्त्याची पावती देण्याची रीत तर नव्हतीच. अमेरिकेतील यादवी युद्ध 1865 मध्ये संपल्यावर कापसाचे भाव कोसळले, पाठोपाठ जमीनमहसुलाची फेरआकारणी झाली आणि सावकारांनी हात आखडता घेतला. 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातील (आता बारामती तालुक्यातील) सुपे येथे बाजाराच्या दिवशी उठाव झाला, तो पुणे आणि अहमदनगर या दोन जिल्ह्यांत पसरला. या उठावाला ‘दंगे’ हे सरकारी नाव चिकटले असले तरी त्याचा रोख विलक्षण नेमका होता: जमाव खते आणि रोखे मागत असे आणि हाती पडताच जाळून टाकत असे, जेथे कागद मुकाट्याने दिले गेले तेथे सहसा मारहाणीपर्यंत वेळ आली नाही. कुळांना कर्जाचा कागद वाचता येत नव्हता, पण आपले नुकसान कशात आहे हे त्यांनी अचूक ओळखले होते.

सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाच्या अहवालानंतर 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला आणि तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत लागू झाला. इतिहासकारांचे लक्ष बहुतेक वेळा न्यायालयांना मिळालेल्या अधिकाराकडे, म्हणजे रोख्यावर लिहिलेल्या आकड्यामागे जाऊन मूळ व्यवहाराचा हिशेब मांडण्याच्या अधिकाराकडे जाते. परंतु त्याच कायद्यातील दस्तऐवजांविषयीची प्रकरणे कमी महत्त्वाची नव्हती. शेतकऱ्याने करून दिलेले खत ग्रामनिबंधकासमोर, म्हणजे गावपातळीवर दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यासमोर झाले पाहिजे, त्याची नक्कल सरकारी नोंदवहीत उतरली पाहिजे, असा नियम झाला. शेतकऱ्याला भरलेल्या रकमेची लेखी पावती, वर्षाचे हिशेबपत्रक आणि खातेपुस्तिका मागण्याचा हक्क मिळाला. गहाणाची नोंद सावकाराच्या घराबाहेर ठेवण्याचा हा दख्खनमधील पहिला पद्धतशीर प्रयत्न मानावा लागेल. सावकारांनी त्यातूनही वाट काढलीच: गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घ्यायचे आणि पैसे फिटले की जमीन परत देऊ असा शब्द तोंडी द्यायचा. कागद सरकारात नोंदवला जाई, कर्ज मात्र त्यात कोठेच दिसत नसे.

मुंबई सावकारी अधिनियम, 1946 ने परवाना सक्तीचा केला आणि हिशेबाची शिस्त अधिक बारकाईने घालून दिली. कर्ज दिल्यापासून सात दिवसांत ऋणकोला रक्कम, तारीख, व्याजदर आणि तारणाचे स्वरूप दाखवणारे विवरणपत्र द्यायचे, त्याची माहिती सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे पाठवायची, आणि कर्ज पूर्ण फिटल्यावर तारण व कागद परत करायचे, अशी कर्तव्ये सावकारावर आली. कर्ज चालू असेपर्यंत ऋणकोने लेखी मागणी करून शुल्क भरले की हिशेबाची व कागदांची नक्कल देणे बंधनकारक झाले. शिवाय मिळालेल्या हिशेबावर ऋणको गप्प राहिला म्हणून तो त्याला मान्य आहे असे समजू नये, हेही कायद्यानेच सांगितले. हे शेवटचे कलम 1875 चा धडा नीट गिरवलेल्या कोणीतरी लिहिले असावे असे वाटते. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाने हीच चौकट बळकट करून पुढे चालवली.

अशा रीतीने परवानाधारक सावकाराच्या व्यवहाराची माहिती सहकार खात्याच्या कार्यालयात पोचू लागली, तरी ती मागायची कोणी हा प्रश्न उरला. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 मधील ‘माहिती’च्या व्याख्येत, अन्य कायद्यान्वये सरकारी प्राधिकरणाला जी खासगी संस्थेकडून मिळवता येते ती माहितीही येते, सहकारी संस्थांच्या निबंधकासंदर्भात सर्वोच्च न्यायालयाने 2013 च्या थलप्पलम प्रकरणात हीच बाब मांडली, परंतु वैयक्तिक माहितीच्या अपवादाची मर्यादाही त्याबरोबरच अधोरेखित केली. त्यामुळे स्वतःच्या तारणाचा हिशेब मागणारा ऋणको आणि शेजाऱ्याने कोणता दागिना गहाण ठेवला हे विचारणारा गावकरी यांचे अर्ज एका मापाने मोजता येत नाहीत, आणि ते मोजू नयेत हेच रास्त आहे.

विनापरवाना सावकारीपुढे मात्र अर्जाचा उपयोग नसतो, कारण तेथे सरकारकडे प्रतच नसते. तक्रार आली की सहायक निबंधकाचे पथक पंचांसमक्ष झडती घेते आणि सह्या केलेले कोरे धनादेश, कोरे मुद्रांक, चिठ्ठ्या व खरेदीखते जप्त करते. 2014 च्या कायद्याचे कलम 18 जिल्हा निबंधकाला अशा खरेदीखताची चौकशी करण्याचा अधिकार देते. ती विक्री नसून सावकारीतील तारण होते असे सिद्ध झाले तर तो दस्त अवैध ठरवून जमिनीचा कब्जा मूळ मालकाला परत देण्याचा आदेश त्याला काढता येतो.