नवाबाची दुर्बीण आणि आपल्या घरातील पितळ



परभणी आणि पूर्णा यांच्या दरम्यान आपले पिंगळी स्टेशन लागते. हैदराबाद-मनमाड हा लोहमार्ग निजामाच्या राज्यात 1900 च्या सुमारास तयार झाला. 1948 पर्यंत आपला परभणी जिल्हा त्याच हैदराबाद संस्थानात होता. याच मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, त्याच काळात, एका रईस माणसाने एक अनोखी वस्तू खरेदी केली. तिची हकीकत आपल्या मुलांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

त्या गृहस्थांचे नाव नवाब जफर जंग. 1901 साली त्यांनी ग्रब या नामांकित कारागिराच्या कारखान्यातील 15 इंच भिंगाची दुर्बीण विलायतेहून आणविली आणि हैदराबादेत फिसलबंडा येथील आपल्या जागेत वेधशाळेचा पाया घातला. त्या जमान्यात अमीर-उमराव झुंबरे, घड्याळे, मोटारी जमवीत. जफर जंग यांना आकाशाचा शौक होता. पण त्यांचे मोठेपण खरेदीत नव्हते. वेधशाळेला त्यांनी स्वतःचे नाव न देता ‘निजामिया’ हे नाव मागून घेतले. 1907 साली ते वारले आणि पुढच्याच वर्षी संस्थान सरकारने वेधशाळा ताब्यात घेतली. ती पुढे बेगमपेठ येथे वाढली आणि 1919 मध्ये उस्मानिया विद्यापीठाकडे आली. वारसांच्या वाटणीत दुर्बीण विकली गेली असती, तर आज तिचे नावही कोणी घेतले नसते. ती संस्थेची झाली, म्हणून टिकली.

या वेधशाळेने काय केले ते पाहा. 1887 साली पॅरिस येथे जगातील ज्योतिर्विदांनी ठरविले की, सर्व आकाशाचे छायाचित्र घ्यावे, आणि त्यासाठी निरनिराळ्या वेधशाळांनी आकाशाचे पट्टे वाटून घ्यावेत. चिली देशातील सँटिआगो वेधशाळेकडचे काम मागे पडले आणि दक्षिणेकडील 17 ते 23 अंशांचा तो पट्टा हैदराबादकडे आला. कूक कंपनीच्या 8 इंची छायाचित्र-दुर्बिणीतून काचेच्या पट्ट्यांवर तारे टिपायचे, मग एकेका ताऱ्याचे स्थान मोजून वहीत लिहायचे, असे हे चिकाटीचे काम वर्षानुवर्षे चालले. साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांची मोजणी या वेधशाळेने केली.

हे श्रम वाया गेले नाहीत. युरोपच्या हिप्पार्कस या उपग्रहाने ताऱ्यांची अचूक स्थाने मोजली. परंतु तारा किती सरकतो हे कळण्यास त्याचे जुने ठिकाणही माहीत लागते. 2000 साली टायको-2 ही सुमारे 25 लाख ताऱ्यांची यादी प्रसिद्ध झाली. ती तयार करताना शास्त्रज्ञांनी त्या जुन्या जागतिक नोंदी उपयोगात आणल्या, आणि त्यांत हैदराबादचाही हिस्सा होता.

याच वेधशाळेत नोकरीस असलेल्या एका सहायकाचा मुलगा दुर्बिणींच्या सहवासात वाढला. निजाम कॉलेजात शिकून तो अमेरिकेत हार्वर्डला गेला आणि 1949 साली त्याने एका नव्या धूमकेतूचा शोध लावण्यात वाटा उचलला. ते म्हणजे डॉ. वेणू बाप्पू. तामिळनाडूतील कावलूर येथील मोठ्या दुर्बिणीला आज त्यांचेच नाव आहे. नवाबाने लावलेल्या झाडाचे फळ कोणाच्या मुलाच्या हाती पडले, याचा विचार पालकांनी जरूर करावा.

आता त्याही आधीच्या साधनांकडे वळू. आपल्या पूर्वजांचे आवडते यंत्र म्हणजे उस्तुरलाब. पितळेच्या तबकडीवर नक्षीदार जाळी बसविलेली असते. तिला अंकबूत, म्हणजे कोळी, म्हणतात. जाळीची टोके एकेक तारा दाखवितात. यावरून वेळ, दिशा, नमाजाचा वक्त काढता येई. फिरोजशाह तुघलकाच्या आश्रयाने महेंद्रसूरी या जैन विद्वानाने 1370 साली याच यंत्रावर ‘यंत्रराज’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. मुघल काळात लाहोरच्या उस्ताद अलाहदाद यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या ही यंत्रे घडविली. इल्म कोणा एका जमातीची मिरास नाही, हेच यावरून दिसते.

ही यंत्रे शोधून त्यांची यादी करण्याचे मोठे काम कोणी केले? अलीगढ मुस्लिम विद्यापीठात संस्कृतचे प्राध्यापक असलेले डॉ. श्रीरामुल राजेश्वर शर्मा यांनी. देशोदेशींची संग्रहालये पाहून प्रत्येक यंत्राचे माप, त्यावरील अक्षरे व हिजरी सन त्यांनी नोंदविले. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातील यंत्रांवर 1996 साली त्यांचे पुस्तक निघाले.

आता तुमच्या घरचा विचार करा. आजोबांच्या पेटीत एखादा किब्लानुमा, धूपघडी, पितळी दुर्बीण किंवा हस्तलिखित तकवीम पडून असेल. तसे काही सापडल्यास एवढे करावे. ते मोडीत देऊ नये. चिंच किंवा राख लावून घासू नये, कारण त्याने कोरलेली अक्षरे झिजतात. कोणी आणले, केव्हा, कोठून, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. अक्षरे उर्दू-फारसी जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावीत. दुर्बिणीतून सूर्याकडे मात्र चुकूनही पाहू नये, डोळा कायमचा जाईल.

बाजारातून खरेदी करणाऱ्याने सावध राहावे. जुन्या विलायती कंपन्यांची नावे व सन ठोकलेल्या नव्या पितळी दुर्बिणी शोभेसाठी सर्रास बनतात. बनावट उस्तुरलाबही मिळतात. खऱ्या यंत्रावरील अंशांच्या रेषा समान अंतरावर असतात. आणखी एक कसोटी अशी की, अयनगतीमुळे ताऱ्यांची स्थाने सुमारे 72 वर्षांत एक अंश सरकतात. म्हणून जाळीवरील टोकांच्या जागा यंत्रावरील सनाशी जुळल्या पाहिजेत. कायदाही ध्यानात असावा. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खाजगी माणसाला परदेशी पाठविता येत नाही आणि तिचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही.

गरीब घरालाही असा संग्रह करता येतो. त्यास दौलत नको, एक वही आणि थोडी जिज्ञासा पुरे. एखाद्या वस्तूची हकीकत पूर्ण लिहून झाली की ती शाळेत आणावी, मुलांना हाताळू द्यावी, मग हवी तर परत घरी न्यावी. जफर जंग यांची दुर्बीण कुलपात राहिली असती तर ती केवळ पितळ आणि काच ठरली असती. विद्यार्थ्यांपुढे आली म्हणून ती इल्म झाली.