गोगलगाय, चाबूक आणि कायदा

शंकर यांच्या १९४९ च्या व्यंगचित्रात संविधान म्हणजे गोगलगाय. तिच्यावर बाबासाहेब, हाती चाबूक. मागे नेहरू, त्यांचाही चाबूक उगारलेला. हा आरोप इतिहासाला धरून नाही. २९ ऑगस्ट १९४७ ला नेमलेल्या मसुदा समितीने फेब्रुवारी १९४८ मध्येच मसुदा दिला. पुढे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. वेळ गेला तो तिथे. पण हसू कोणाचे झाले?

२००६ मध्ये हे चित्र एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आले. मे २०१२ मध्ये संसदेत गदारोळ झाला, सरकारने माघार घेतली, आणि १२ मेला पुणे विद्यापीठात सल्लागार सुहास पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. भुशीहून लोणावळ्याला येऊन पुण्याची लोकल धरणाऱ्या आमच्या मुलांना मी सांगतो, राग खरा; मोडतोड आपली रीत नव्हे. १९२० मध्ये 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही नाकारली, तेव्हा बाबासाहेबांनी पत्र चालवून दाखवले.

मग कायदा? कलम १५३-अ इंग्रजांनी १८९८ मध्ये आणले; आता ते न्याय संहितेत १९६ आहे. मुंबई दंगलीच्या काळातील 'सामना'च्या अग्रलेखांवर खटला भरावा, ही याचिका उच्च न्यायालयाने १९९४ मध्ये फेटाळली. बलवानापुढे कलम असे मऊ होते. २०१५ च्या दुरुस्तीने ॲट्रॉसिटी कायद्यात, आपल्याला आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा अनादर हाही गुन्हा ठरला. हे हत्यार हवेच. पण जुनी चित्रे पुसून १९४९ चे वर्तमानपत्री मन विद्यार्थ्याला दिसणार कसे? आंबेडकरी अभ्यासक उन्नमती श्याम सुंदर यांनी १९३२ ते १९४८ मधील अशी शंभरावर चित्रे शोधून २०१९ मध्ये टिपणांसह छापली.