तमाम लोकांस कळविण्यात येते की…

दिवाळीच्या आठवड्यात वर्तमानपत्र जड होते. पण ते जड होते ते बातम्यांनी नव्हे. मुहूर्त साधून घर घ्यावे, जमिनीचा इसार द्यावा, नवी गाडी दारात आणून तिला हार घालावा, ही आपल्याकडची रीत. साडेतीन मुहूर्तांतला अर्धा मुहूर्त पाडव्याच्या वाट्याला आलेला असल्यामुळे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही याच दिवसांत घाई सुटते. मोठ्या चित्रांच्या जाहिराती सर्वांच्याच डोळ्यांत भरतात. परंतु आतल्या पानावर, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, ‘विकणे आहे’, ‘भाड्याने देणे आहे’, ‘पाहिजे’ अशा मथळ्यांखाली जी दाटी झालेली असते, तिच्याकडे आदराने कोणी पाहत नाही. चकल्या निथळायला म्हणून प्रथम तेच पान परातीत जाते. हा लेख त्या पानाच्या कुळकथेचा आहे.

कुळकथा सांगावयाची तर एखादे गाव धरून सांगावी हे बरे. म्हणून नाशिकचा गंगापूर रोड घेऊ. अशोक स्तंभापासून निघालेला हा रस्ता गोदावरीच्या सोबतीने पश्चिमेकडे जातो. आनंदवल्ली, सोमेश्वर, गंगापूर अशी ठिकाणे घेत धरणाकडे पोहोचतो. आज त्याला कोणी खेडवळ म्हणणार नाही. पण नाशिक महानगरपालिका १९८२ साली झाली, तेव्हा आसपासची खेडी तिच्या हद्दीत आली आणि आनंदवल्ली, गंगापूर ही त्यांतलीच. त्याआधी येथे शिवार होते, चावडी होती, पोळ्याला बैल मिरवत होते.

मोठी माणसेही या वाटेवर राहून गेली आहेत. राघोबादादांनी चौंढस नावाच्या गावी वास्तव्य केले आणि आनंदीबाईंच्या नावावरून त्याची आनंदवल्ली केली. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई उत्तरायुष्यात गंगापुरास येऊन राहिल्या. ‘शहरापासून जवळ, नदीकाठी, हवेशीर’ ही आजच्या जाहिरातीतली ओळ पेशव्यांच्या घराण्याला अशी अडीचशे वर्षांपूर्वीच पटलेली होती!

पण त्या काळी कुणब्याला जमीन विकावयाची झाल्यास ते तो छापणार कोठे? छापण्याची गरजही नव्हती. मिराशीची जमीन विकणे म्हणजे गावातले आपले स्थानच विकणे, आणि ते काम चारचौघांत झाल्याखेरीज खरे धरले जात नसे. आधी भाऊबंदांना विचारावयाचे, मग गावाला. खरेदीखतावर पाटील, कुळकर्णी, बलुतेदार यांची साक्ष पडे. ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या धंद्याची खूण काढीत. पाटलाचा नांगर तर प्रसिद्धच आहे. सुताराने किकरे काढावे, न्हाव्याने आरसा काढावा, असा तो कागद चित्रांनी भरून जाई. तो नुसता करार नव्हता, ती जाहिरातच होती. फक्त तिचे वाचक खरेदीखताभोवती मांडी घालून बसलेले असत. परगावचा अनोळखी इसम येऊन शिवारातला तुकडा गुपचूप घेऊन गेला, असे सहसा घडणे शक्य नव्हते.

साऱ्या गावाला एखादी गोष्ट कळवावयाची तर दवंडी. हे काम बहुधा गावच्या महाराकडे असे. शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष मोलाची मानीत, कारण कोणाचा बांध कोठवर हे त्याला पाठ असे. ज्याला गावकुसाच्या आत घर नाही, त्याच्याच तोंडून गावाने ‘अमक्याचे शेत लिलावात निघाले’ हे ऐकावयाचे, हा आपल्या गावगाड्याचा न्याय! हे वतनही पुढे १९५८ च्या कायद्याने गेले. त्या वतनाची जमीन मात्र सरकारी परवानगीवाचून विकता येत नाही. आणि तसल्या जमिनीचे व्यवहार परस्पर झाल्याची प्रकरणे आजही निघतात.

दवंडी मेली असे मात्र कोणी समजू नये. १९०८ सालचा दिवाणी व्यवहार संहितेचा ग्रंथ उघडून पाहावा. त्याच्या एकविसाव्या आदेशात, कोर्टाने मिळकत जप्त केली वा लिलावास काढली तर ती गोष्ट मिळकतीच्या जागी ढोल वाजवून किंवा रूढ असेल त्या रीतीने जाहीर करावी, त्याची नक्कल ठळक जागी चिकटवावी, आणि कोर्टास वाटल्यास लिलावाची नोटीस स्थानिक वर्तमानपत्रातही द्यावी, असे सांगितले आहे. ढोल आधी आणि वर्तमानपत्र मागाहून! कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक होते की ढोल निरक्षरालाही ऐकू येतो.

मग वर्तमानपत्राने ढोलाची जागा घेतली ती का? याचे उत्तर छापखान्यात नाही, सावकाराच्या वहीत आहे. इंग्रजी अमलात जमीन कर्जापायी विकली जाण्याजोगी वस्तू झाली. कुणबी पैसे उसने घेई आणि कागद मात्र होई तो ‘मुदत खरेदी’चा. ठरल्या दिवशी पैसे फिटले तर जमीन परत, नाही तर विक्री कायम. कोर्टाचे हुकूमनामे निघू लागले, शेते लिलावात जाऊ लागली. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे गावी लोक सावकारांवर उठले. त्यांचा राग माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता, रोखे आणि खते ओढून काढून त्यांची होळी केली गेली. त्यानंतर १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. प्रथम तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला, आणि त्याने कागदामागचा खरा व्यवहार उकरून पाहण्याची मुभा न्यायाधीशांना दिली. तोवर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याचीही भर पडली. शंभर रुपये व त्यावरील किमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्ताखेरीज होणार नाही, असे ठरले. गावची साक्ष गेली आणि सब-रजिस्ट्रारचा शिक्का आला. खरेदीदार आता परगावचा असू शकत होता. त्या परक्याला, या जमिनीवर आणखी कोणाचा हक्क आहे काय, हे विचारावयाचे होते. आणि विचारावयाचे तर कोणाला? गावाला तो ओळखत नव्हता. म्हणून त्याने ते वर्तमानपत्रातून ‘तमाम लोकांना’ विचारले.

आपल्या जाहीर नोटिशीचा जन्म हा असा आहे. तिची भाषा पाहावी: तमाम, सदर, मजकूर, दस्त, मिळकत, इसार, हरकत. सगळा मोडी दप्तरातला फारसी वारसा! पेशवाई जाऊन दोनशे वर्षे झाली. कथेतून, नाटकातून, भाषणातून ही भाषा हद्दपार झाली, पण वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर ती अजून पागोटे बांधून बसली आहे.

छोट्या जाहिरातीचे व्याकरण याहून गमतीचे. ‘विकणे आहे’ या वाक्यात विकणारा कोठे आहे? कर्ताच नाही. ‘मी माझे शेत विकतो’ असे म्हणताना ज्याची जीभ अडखळेल, तो ‘विकणे आहे’ असे निर्धास्तपणे छापून देतो. जणू विक्री हे ग्रहण आहे, आपोआप लागते. जाहिरातीचे पैसे शब्दांवर मोजले जातात, म्हणून कर्ता गाळला, असे कोणी म्हणेल. मला ते अर्धेच खरे वाटते. जमीन विकण्याची आपल्याकडे लाज वाटते. बॉक्स नंबर मागून घेणारे पैसे वाचवीत नव्हते, उलट जास्त देत होते. त्यांना भावकीच्या आधी गिऱ्हाईक गाठावयाचे होते. याउलट ‘पाहिजे’ म्हणणारा नाव-गावासकट छापतो. घेण्यात लाज कसली?

जगात अन्यत्रही या पानाचा मान मोठा होता. लंडनच्या ‘टाइम्स’चे पहिले पान ३ मे १९६६ पर्यंत अशा बारीक जाहिरातींनीच भरलेले असे. नाशिकला वाचनाची परंपरा जुनी. तेथले सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. पण नाशिकच्या खेड्यांना आपले वाटावे असे पत्र निघाले ते १९३८ साली, दादासाहेब पोतनिसांचे ‘गावकरी’. नावातच त्याने आपला वाचक सांगून टाकला. पुढे ‘देशदूत’ आला, मग पुण्या-मुंबईच्या पत्रांच्या आवृत्त्या आल्या. बाजाराच्या दिवशी एक अंक गावात पोहोचला तरी तो पारावर दहा जणांत वाचला जाई, आणि ऑइल इंजिन, पाण्याचा पंप, वापरलेली ट्रॉली यांची गिऱ्हाइके तेथेच जुळत. बैलांची मात्र कधी जुळली नाहीत. बैल छापील शब्दांवर घेत नाहीत. तो चालवून, दात पाहून, हेड्याशी उपरण्याखाली बोटे दाबून घ्यावयाचा. त्यात भाव शेजारच्यालाही कळता कामा नये. जाहिरातीचा हा अगदी विरुद्ध व्यवहार, आणि घोटीच्या बाजारात तो पिढ्यान्पिढ्या चालला.

स्वातंत्र्यानंतर जमिनीच्या जाहिरातीत नवे शब्द शिरले, ते कायद्यांमुळे. १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, कसणारा कूळ कायद्याने मालक मानला गेला. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यास बंदी झाली. म्हणून ‘शेतकरी दाखला आवश्यक’ ही अट छापली जाऊ लागली. गंगापूरच्या पश्चिमेस, त्र्यंबक-पेठच्या बाजूला आदिवासींच्या जमिनी आहेत. १९७४ च्या कायद्यांनी त्यांची विक्री बिगर-आदिवासीस मोकळेपणाने करता येईनाशी झाली, आणि गेलेल्या जमिनी परत देण्याचीही तरतूद झाली. ‘सर्व परवानग्या मिळवून देऊ’ असा शब्द जेथे जाहिरातीत दिसे, तेथे शहाण्याने खिसा सांभाळावा.

आणि मोजमाप बदलले. एकर म्हणजे चाळीस गुंठे, गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. आजोबांनी जमीन एकरात सांगितली, ती विहिरीसकट आणि आंब्याच्या झाडांसकट. मुलाने ती गुंठ्यांत सांगितली, ‘बिगरशेती’ या शब्दासह. नातू तीच जमीन चौरस फुटांत सांगतो, आणि विहिरीऐवजी पार्किंग मोजतो. अंतरही बदलले. ‘गंगापुरापासून अर्ध्या कोसावर’ होते ते ‘गंगापूर रोडपासून दोन मिनिटांवर’ झाले. ही दोन मिनिटे कोणत्या वाहनाची, हे मात्र विचारू नये. गोवर्धनच्या शिवारात विसाव्या शतकाच्या अखेरीस वाइनच्या द्राक्षांचे मळे उभे राहिले, तेव्हापासून तर शेताचे ‘फार्महाऊस’ व्हायला वेळ लागेना.

भाड्याच्या जाहिरातींबद्दल थोडेच सांगतो. १९६९ साली के.टी.एच.एम. महाविद्यालय याच रस्त्यावर निघाले, आणि खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांसाठी खोल्यांची मागणी वाढली. त्या जाहिरातींत ‘छोट्या कुटुंबास’, ‘शाकाहारी’, ‘सुसंस्कृत’ असे शब्द येतात. हे शब्द वरवर निरुपद्रवी. पण त्यांच्या आड जात विचारलेली असते, हे ज्याला घर नाकारले गेले आहे त्याला सांगावे लागत नाही. डॉ. आंबेडकर १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू झाले ते परदेशी विद्यापीठाची विद्या घेऊन, आणि त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. बाकी अकरा महिन्यांच्या कराराचे गूढ तर सर्वांना ठाऊक आहे: वर्षाचा भाडेपट्टा नोंदवावा लागे, म्हणून अकरा. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने अकरा महिन्यांचाही करार नोंदणे सक्तीचे केले, तरी लोकांच्या जिभेवर अकराच राहिले.

आता पुन्हा जाहीर नोटिशीकडे येऊ, कारण खरी गोम तेथे आहे. खाजगी खरेदीपूर्वी अशी नोटीस द्यावी अशी कायद्याची सक्ती नाही. ती वकिलांची रीत आहे, खरेदीदाराने प्रामाणिकपणे चौकशी केली होती याचा पुरावा म्हणून. सात दिवसांत वा पंधरा दिवसांत हरकत न आल्यास कोणाचा हक्क नाही, ‘असल्यास तो सोडून दिला आहे’ असे समजले जाईल, असे तीत छापतात. दवंडी ऐकू न येणारे गावात कोणी नव्हते. ही नोटीस वाचणारे किती? गंगापूर रोडची जमीन, नोटीस नाशिकच्या पत्रात, आणि बहीण दिलेली सुरतेला. तिला ती नोटीस कोण दाखवणार? भाऊ?

बहिणींची गोष्ट सात-बाऱ्यावर वाचावी. वडील वारल्यावर भावांची नावे कब्जेदार म्हणून लागत आणि बहिणींची ‘इतर हक्क’ या रकान्यात, विहिरीतला हिस्सा आणि सोसायटीचा बोजा यांच्या शेजारी. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहहिस्सा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट काढली. वडील त्या तारखेला हयात असलेच पाहिजेत काय, या वादाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला: हक्क जन्माने येतो, वडील हयात असण्याची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या विक्रीला आणि वाटपाला त्याने धक्का लागत नाही. त्यामुळे दस्तावरची तारीख हीच आता अनेक घरांतली सर्वांत वादाची गोष्ट झाली आहे.

हे सर्व दस्त ज्या मुद्रांकांच्या कागदांवर लिहिले गेले, ते छापले जात ते नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यात; १९२५ पासून तो चालू आहे. आता बरीचशी नोंदणी संगणकावर होते. पण अलीकडच्या नोटिसा वाचल्या, तर विकणाऱ्यांच्या यादीत भावांच्या नावांखाली बहिणींची नावे येतात, सासरच्या आडनावांसह, गावांसह: कोणी सिन्नरची, कोणी निफाडची, कोणी सुरतेची. काही ठिकाणी नावापुढे ‘हक्कसोड पत्राने’ असे लिहिलेले असते. काही ठिकाणी नसते.