पहिली मॅट्रिक आणि मागे राहिलेले

निफाड म्हटले की आपण न्यायमूर्ती रानड्यांचे नाव घेतो. त्यांचा जन्म तिथला, १८४२ सालचा. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली, तीत पास झालेल्यांत ते होते. बसली होती शंभरावर मुले. उतरली जेमतेम वीस-बावीस. बाकीची पोरे कोणत्या तोंडाने घरी गेली असतील? आमच्या इतिहासाने हे कधी विचारले नाही. मीही वर्गात पास झालेल्यांचीच नावे सांगत आलो!

पुढच्याच वर्षी, १८६० मध्ये, भारतीय दंडसंहिता झाली. तिच्या ३०९ व्या कलमाने जीव देऊ पाहणाऱ्याला वर्षापर्यंत कैद सांगितली. म्हणजे खचलेल्या पोरापुढे वैद्य नाही, फौजदार! मग घरची माणसे तोंड मिटून बसणार, नाही तर काय? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मात्र असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरले, आणि त्याची शुश्रूषा सरकारवर सोपवली. २०२३ च्या न्यायसंहितेत ते जुने कलम उरले नाही.

दहावीच्या नापासाला पूर्वी फेरपरीक्षेसाठी ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागे, वर्ष बुडे. २०१५ पासून ती जुलैत होऊ लागली. तरी गुरुजी, निकालानंतर जे पोर गोठ्यात जाऊन बसते, जेवत नाही, मित्रांना टाळते, त्याच्याजवळ आधी जाऊन बसा, गुणपत्रिका मागाहून. गावात डॉक्टर नसला तर १४४१६ हा सरकारी दूरध्वनी २०२२ पासून आहे. तो रात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येते.