डॉक्टर व्हायचंय? मग दहावीपासूनच कागद जमवा

नीटचा अभ्यास आपली मुलं करतात, अडतात ती कागदांपाशी. महाराष्ट्रात मोमीन, बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी या मुस्लिम जाती ओबीसीत आहेत. पण बऱ्याच दाखल्यांवर नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं असतं. जात पडताळणीत १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेतला जुना उतारा शोधा.

अकरावीला जीवशास्त्र घ्या. नीटच्या ७२० पैकी ३६० गुण त्याचेच. पेपर मराठी किंवा उर्दूतही देता येतो.

अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत पडताळणीचा अर्ज भरा, नॉन-क्रिमीलेअर दाखलाही काढा. पालकांना आमचं सांगणं एवढंच: मार्क मुलं आणतील, कागद आपण आणायचे. नाहीतर हातातोंडाशी आलेली राखीव जागा जाते.