बाद संचांचे हस्तांतर आणि हौशी बिनतारी

सिरसाळ्यासारख्या गावी ‘वायरलेस’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याचे लक्ष पोलीस ठाण्याकडे जाते; कोणी परवाना घेऊन केवळ छंदाखातर बिनतारी संभाषण करीत असेल, ही कल्पना सहसा मनात येत नाही. शब्दाचा हा अर्थसंकोच आकस्मिक नव्हे. पाश्चात्त्य देशांत पोलिसांचे व रुग्णवाहिकांचे जुने संच हौशी मंडळींच्या हाती गेले. आपल्याकडे ती वाट अरुंद राहिली. त्याचे कारण यंत्रापेक्षा कायद्यात शोधावयास हवे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

डेट्रॉइटच्या पोलिसांनी 1928 मध्ये गस्तीच्या मोटारींत बिनतारी संच बसविले. त्यांत केवळ ऐकण्याची सोय होती. 1940 च्या सुमारास कनेक्टिकटच्या पोलिसांनी एफ. एम. पद्धतीचे दुतर्फी संच स्वीकारले. युद्धानंतर अशा संचांचा प्रसार होऊन वाहिन्यांची दाटी झाली, तेव्हा अमेरिकी नियामकांनी 1960 च्या आगेमागे कंप्रता-विचलनाची मर्यादा 15 किलोहर्ट्झवरून 5 वर आणली. जुने संच बिघडले नव्हते. नियमाने ते बाद ठरविले, आणि ते अल्प किमतीत हौशींना मिळू लागले. ब्रिटनमध्ये पाय कंपनीच्या मोटारसंचांचे असेच झाले. तेथील हौशींना 1956 मध्ये मिळालेला 70 मेगाहर्ट्झचा पट्टा या संचांपैकी अनेकांच्या मूळ कंप्रतांच्या निकटच होता.

रूपांतराचे काम वरवर सोपे भासते. मुख्य संच मोटारीच्या मागील भागात आणि नियंत्रणपेटी चालकापाशी, अशी मूळ रचना असे. दोहोंना जोडणारी केबल लिलावात हरवली की सारा संच मुका. केबल असली तरी खरा प्रश्न स्फटिकाचा. प्रेषकाची कंप्रता क्वार्ट्झच्या स्फटिकावर ठरे व पुढील टप्प्यांत ती अनेकपट होई. बारापट करणाऱ्या संचात 12.245 मेगाहर्ट्झचा स्फटिक घातला की 146.94 मेगाहर्ट्झ मिळे. ग्राहकासाठी स्फटिक निराळा. त्यानंतर प्रत्येक टप्प्याची वेटोळी नव्याने जुळवावी लागत.

प्रत्येक नव्या कंप्रतेस स्फटिकांची नवी जोडी, म्हणजे नवा खर्च. म्हणून हौशी मंडळी मोजक्या कंप्रतांवर एकत्र आली, अमेरिकेत 146.94 ही त्यांतील प्रसिद्ध. पूर्वीचा हौशी तबकडी फिरवीत अनोळखी माणसाला साद घाली; आता तो ठरल्या वाहिनीवर संच चालू ठेवून ओळखीच्या आवाजाची वाट पाहू लागला. ही रीत पोलीस चौकीची. यंत्राबरोबर संभाषणाची पद्धतही वारशाने आली, आणि भाषाभ्यासकास हीच गोष्ट अधिक महत्त्वाची वाटावी.

हिंदुस्थानात 1933 च्या बिनतारी तार कायद्याने परवान्याविना संच नुसता बाळगणेही गुन्हा ठरविले. महायुद्ध सुरू होताच हौशींचे परवाने गोठविण्यात आले. तरीही नरिमन प्रिंटर या मुंबईच्या हौशी तंत्रज्ञाकडील साहित्य 1942 मध्ये काँग्रेस रेडिओच्या कामी आले. उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी 27 ऑगस्ट रोजी सुरू केलेले हे गुप्त केंद्र 12 नोव्हेंबरच्या छाप्यात बंद पडले. येथे हस्तांतर उलट्या दिशेने झाले: छंदाचे यंत्र आणीबाणीच्या कामी आले. ज्या राज्यकर्त्यांना असा अनुभव आला, त्यांनी बाळगण्यावरील निर्बंध सैल करावेत, ही अपेक्षा व्यर्थ होती. परंतु स्वतंत्र भारतानेही तो कायदा कायम ठेवला, ही गोष्ट विचारणीय आहे. 1984 मध्ये हौशींच्या उपकरणांवरील आयातशुल्क माफ झाले. परदेशी नवा संच आणणे त्यामुळे सुकर झाले; सरकारी भांडारातील जुन्या संचाची वाट मात्र त्याने मोकळी झाली नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्या आपत्तीत हौशी बिनतारी चालकांनी संदेशवहनाचे साहाय्य केले. 2001 च्या गुजरात भूकंपातही त्यांची मदत झाली. 2023 च्या दूरसंचार कायद्यात 1933 चा कायदा निरसित करण्याची तरतूद आहे. बाद सरकारी संच परवानाधारकांना देण्याची पद्धत नव्या नियमांत बसविता येईल काय, हे त्या नियमांचा मसुदा करणाऱ्यांनी पाहावयाचे आहे.